खो घालू नका, खो द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी ना कोणी शिकल्यासवरलेल्या बाई बोलतात. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी म्हटले, "अहो, मी सातवी पास. मला भाषण कसले जमणार?" तर त्या म्हणाल्या, "संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर जाऊन बसणारी आपल्यात तू एकटीच. तेव्हा मुलींच्या खो-खोवर तूच बोल." आता मंडळाची आज्ञा मोडायची नाही म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

खो-खो म्हणजे काय ते आपल्यापैकी कोणालाच सांगायला नको. शाळेच्या मधल्या सुटीत ओढणी नाहीतर परकराचा घोळ कमरेला खोचून आपण सगळ्याच धावलो आहोत. मैदानाच्या मधोमध पाटी, तिच्या दोन टोकांना चार फुटी दोन खांब. आठ गडी चौकोनांत बसतात, एकाचे तोंड इकडे तर शेजारच्याचे तिकडे. नववा गडी पाठलाग करतो. समोरच्या संघाचे तिघे तिघे आत उतरतात. पळणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून कसेही पार होता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. मग पलीकडच्या बाजूला गेलेला गडी धरायचा कसा? तर बसलेल्या सोबत्याच्या पाठीशी जायचे, त्याला हात लावून "खो" म्हणायचे आणि त्याच्या जागी आपण बसायचे. मोठ्यांच्या सामन्यात एक पाळी 9 मिनिटांची असते. त्या नऊ मिनिटांत जो तो खो मिळण्याची वाट पाहत असतो.

लहानपणी माझ्या ध्यानात न आलेली एक गोष्ट हल्ली कठड्यावर बसून ध्यानात येते. या खेळात बसलेला गडी कितीही चपळ असो, त्याला आपल्या मनाने उठता येत नाही. कोणीतरी खो द्यावा लागतो. आणि आपल्या बोलीत पाहा, "कामात खो घातला" म्हणजे मोडता घातला! तोच शब्द, पण द्यायचा की घालायचा एवढाच फरक. आज मला त्या फरकाविषयीच बोलायचे आहे.

हा खेळ आपल्या पुण्याचा आहे, असे म्हटले तर त्यात बढाई नाही. तो खेडोपाडी फार पूर्वीपासून खेळला जाई. परंतु त्याचे नियम प्रथम लिहून काढले ते डेक्कन जिमखान्याने, 1914 साली. आपण डेक्कनला बस बदलतो, खरेदी करतो. पण ज्या नावाने तो थांबा ओळखतो त्या संस्थेने आपल्या मुलांच्या खेळाला शिस्त लावली, हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे? पुढे 1928 साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ निघाले, त्याने खेळाच्या नियमांचे काम पुढे नेले. पुरुषांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 साली विजयवाड्याला झाल्या, आणि बायकांच्या लगेच पुढच्या साली आपल्या कोल्हापुरात. म्हणजे पुरुषांनी आरंभ केला आणि बायकांनी पन्नास वर्षे वाट पाहिली, असे येथे झाले नाही. एका वर्षात त्या मैदानात उतरल्या. 1971 साली अचला देवरे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. या खेळातला पहिला अर्जुन पुरस्कार त्याच्या आदल्याच वर्षी दिला गेला होता. तेव्हा मुलींनी खो-खो खेळावा ही काही नव्या काळाची थेरे नव्हेत.

आता अगदी अलीकडचे सांगते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. 23 देशांतून संघ आले होते. 19 जानेवारीला अंतिम सामने झाले. आपल्या मुलींनी नेपाळच्या मुलींना 78-40 असे हरवले, आणि मुलांनीही नेपाळलाच 54-36 असे हरवले. मुलींच्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आणि मुलांच्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही पुण्याचे! एका देशाचे दोन्ही कर्णधार एकाच गावचे, हा मान काही लहान नाही. त्या रात्री आमच्याकडे टीव्हीपुढे इतकी गर्दी झाली की दार लावता येईना. दुसऱ्या दिवशी पेढे वाटले.

पेढे मीही खाल्ले. पण आठवड्याने मैदानावर गेले तर खांबाला टेकवून एक टेम्पो उभा केलेला. पाटीवर दोन मोटारी. आमच्या मुली बाजूला दप्तरे घेऊन उभ्या. ज्यांनी पेढे वाटले त्यांच्यापैकीच कोणाची तरी ती गाडी असणार. कोणाची, ते मला सांगायचे नाही.

मला जी खरी गोष्ट बोलायची आहे ती याच्याही पुढची आहे. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धांत वयाप्रमाणे उत्तम खेळाडूला पुरस्कार देतात, आणि त्यांची नावे फार सुरेख आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला भरत, मुलीला इला. अठरा वर्षांखालच्या मुलाला वीर अभिमन्यू, मुलीला जानकी. मोठ्यांत पुरुषाला एकलव्य आणि स्त्रीला राणी लक्ष्मीबाई. इला ही पुराणातली मनूची कन्या. जानकी आपल्या सर्वांची, आणि राणी लक्ष्मीबाईंविषयी काय सांगावे? प्रियंका इंगळे हिने इला पुरस्कार मिळविला आणि 2022 च्या राष्ट्रीय स्पर्धेत राणी लक्ष्मीबाईही.

भगिनींनो, आपल्या मुली इलेपर्यंत पोहोचतात. अडतात त्या इलेपासून जानकीपर्यंतच्या वाटेवर. आमच्या मैदानावरचेच सांगते. आठवीत होत्या तेव्हा सहा मुली रोज यायच्या. नववीचे वर्ष सुरू झाले आणि दिवाळीपर्यंत त्यांतल्या दोनच उरल्या. मुलगे मात्र होते तेवढेच. त्या चौघींचे पाय काही एकाएकी जड झाले नाहीत. त्या घरी बसल्या. कोणी बसविल्या ते आपल्याला ठाऊक आहे. आपणच. मोठ्या मायेने, त्यांच्या भल्यासाठी म्हणून.

मी स्वतः सातवीपर्यंत खेळले. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा लांब होती, म्हणून शिक्षण थांबले आणि खेळही थांबला. तेव्हा इलाज नव्हता. परंतु आज पुण्यात राहणाऱ्या मुलीला शाळा आहे, मैदान आहे, शिकविणारे सर आहेत. तिने माझ्याच वयाला थांबावे याला काय म्हणावे?

थांबविण्याची जी कारणे मी ऐकते ती एकेक घेऊ.

पहिले कारण, रंग काळवंडतो आणि गुडघे फुटतात. खरे आहे. सूर मारायचा म्हणजे जमिनीवर अंग टाकायचे, मातीत खरचटणारच. माझ्या धाकटीच्या दोन्ही गुडघ्यांवर खुणा आहेत. आमच्या सासूबाईंना त्याची फार काळजी. "पाहायला आलेल्यांना काय सांगणार?" असे त्या म्हणत. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एके दिवशी शाळांच्या स्पर्धा होत्या, तेथे त्यांना रिक्षाने घेऊन गेले. नातीने खांबाजवळ हुलकावणी देऊन दोघींना चुकविले, तशा त्या खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. हल्ली मैदानावरून परत आले की पहिला प्रश्न, "किती वेळ टिकली?" आणि हळद-तेलाची वाटी त्याच पुढे करतात. आपल्या जुन्या बायका खेळाच्या वैरी नव्हेत. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा, फुगडी, पिंगा घालून पहाटे पुन्हा चूल पेटवणाऱ्या त्याच ना? त्यांना नेऊन दाखवणारे कोणी हवे असते, एवढेच.

दुसरे कारण अभ्यास. नववी-दहावी म्हणजे क्लास आलाच. मी कमी शिकलेली, म्हणून अभ्यासाची किंमत मला इतरांपेक्षा थोडी अधिकच कळते. पण संध्याकाळचा दीड तास खेळून आलेली मुलगी पुस्तक घेऊन बसते, आणि न खेळलेली फोन घेऊन बसते, हे मी रोज पाहते. शिवाय सरकारने खेळाला अगदी वाऱ्यावर सोडलेले नाही. शाळांच्या स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन गटांत होतात, आणि महानगरपालिका, जिल्हा, विभाग, राज्य अशी एकेक पायरी चढता येते. वरच्या पायरीवर खेळणाऱ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणी खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. 2019 च्या जानेवारीत आपल्या बालेवाडीला खेलो इंडियाच्या युवा स्पर्धा झाल्या. त्यांत 17 आणि 21 वर्षांखालील मुलामुलींचे खो-खोही होते. म्हणजे सतराव्या आणि एकविसाव्या वर्षापर्यंत मुलींना वाट मोकळी केलेली होती. आपणच त्यांना चौदाव्या वर्षी परत बोलावतो.

तिसरे कारण उघड कोणी बोलत नाही. आज आपण बायकाच आहोत म्हणून बोलते. मुलगी वयात आली की आईच्या मनात धास्ती शिरते. अंधार पडायच्या आत घरी यावी, मुलग्यांच्या घोळक्यातून एकटीने जाऊ नये. महिन्याच्या दिवसांत कपडे बदलायला मैदानावर आडोसा नाही. ही धास्ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मलाही ती आहे. परंतु आडोसा नसेल तर आडोसा करावा. मुलीला घरी बसवणे हा काही त्यावरचा उपाय नव्हे. अंधार पडतो म्हणून आपण दिवा लावतो. डोळे मिटून बसत नाही.

चौथे कारण पैशाचे. तर या खेळासारखा गरिबाचा खेळ दुसरा नाही. बॅट नको, चेंडू नको, जाळी नको. दोन खांब, चुना आणि सपाट जमीन. मोठे सामने हल्ली मॅटवर होतात, पण शिकायला माती पुरते. धाराशिवच्या सारिका काळे यांचे नाव आपण ऐकले असेल. 2016 साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय मुलींच्या संघाच्या त्या कर्णधार. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या गरिबीमुळे कित्येक वर्षे दिवसातून एकदाच जेवून आपण खेळलो, असे त्यांनी त्या वेळी वर्तमानपत्रांतून सांगितले होते. ते वाचून मला अभिमान वाटला आणि घासही गोड लागेना. खेळणाऱ्या पोरीच्या ताटात काय पडते, हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातला आहे. तो सरकारवर सोडून चालणार नाही.

आता थोडे परदेशचे सांगते, म्हणजे तुम्हाला हसूही येईल. आपल्या मंडळातल्या एका वहिनींचा मुलगा कॅनडात असतो. त्यांची नात तिथे एक खेळ शिकते, त्याचे नाव कर्लिंग. भिशीच्या दिवशी वहिनींनी फोनवर आम्हाला तो दाखवला. बर्फाची गुळगुळीत लांब पट्टी. चौघांचा संघ. ग्रॅनाइटचा घोटीव दगड, वर धरायला मूठ, वजन सुमारे 20 किलो. म्हणजे आपल्या जात्याच्या पेठेसारखाच! एकजण तो बर्फावरून घसरत सोडतो, आणि दोघे पुढे धावत त्याच्या वाटेवर खराखरा झाडू मारतात. झाडल्याने दगड लांब आणि सरळ जातो म्हणे. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "एवढे झाडूनसुद्धा तिथे बक्षीस मिळते, आणि इथे आमचा जन्म गेला!" आम्ही सगळ्या पोट धरून हसलो.

पण मी घरी येऊन विचार करीत राहिले. तो खेळ मूळचा स्कॉटलंडचा. हिवाळ्यात तळी गोठायची, त्यांच्यावर लोक दगड घसरवायचे. ज्यांच्याजवळ बर्फ त्यांनी बर्फावरचा खेळ काढला, आपल्याजवळ माती, आपण मातीवरचा काढला. वहिनी म्हणाल्या, त्यांच्या नातीच्या क्लबात शाळेची पोरे खेळतात त्याच जागी पांढऱ्या केसांच्या आज्याही खेळतात, आणि मुलांचे सामने असले की वस्तीतली माणसे बघायला येऊन बसतात. तिथली मुलगी वर मान करून पाहते तेव्हा तिला दिसते की आपल्या आईच्या वयाच्या, आजीच्या वयाच्या बायका इथेच आहेत. आमची मुलगी वर मान करून पाहते तेव्हा कठड्यावर मी एकटी, आणि मागे टेम्पो! मग तिला ही जागा आपली कशी वाटावी?

म्हणून मी मंडळापुढे चार गोष्टी ठेवते. फार खर्चाच्या नाहीत.

पहिली गोष्ट. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते सात, मैदानात वाहन उभे राहणार नाही, असे आपण आपापल्या घरी सांगावे. नगरसेवकाकडे अर्ज मागाहून करू. आधी आपल्या नवऱ्याची स्कूटर आपण काढायला लावू.

दुसरी. दोघीदोघींनी पाळीपाळीने मैदानावर बसावे. भाजी निवडायला घ्या, विणकाम घ्या, गप्पा मारा. पण तेथे असा. आपण बारा जणी निघालो तरी एकीवर आठवड्यातून एकच संध्याकाळ येते. चार बायका बसलेल्या दिसल्या की रिकामटेकडी टोळकी आपोआप दुसरीकडे जातात, आणि आयांची निम्मी धास्ती तिथेच संपते.

तिसरी. मंडळाची ही खोली मैदानापासून पन्नास पावलांवर आहे आणि संध्याकाळी बंदच असते. तिची किल्ली पाळीवर असलेल्या बाईकडे द्यावी. मुलींना कपडे बदलायला, पाणी प्यायला, अडीअडचणीला आडोसा होईल. खोली झाडून ठेवायचे काम मी पत्करते. झाडण्याला कुठे तरी मान आहे हे आता कळलेच आहे.

चौथी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, कंगवे; प्रत्येकीच्या माळ्यावर त्यांचा ढीग आहे. येत्या संक्रांतीला ते पैसे एकत्र करावेत. त्यांतून मुलींना गुडघ्याच्या पट्ट्या, मलमपट्टीची पेटी आणि रोजचे मूठभर गूळ-शेंगदाणे होतील. सवाष्णीला वाण दिल्याचे पुण्य लागते, तसे खेळणाऱ्या कुमारिकेला दिल्याचेही लागेलच.

एवढे केले म्हणून आपल्या आळीतून उद्याच कोणी देशाची कर्णधार होईल, असे मी म्हणत नाही. झाली तर पेढे आहेतच. पण नऊ जणींच्या संघात राहून जी शिकवण मिळते ती सर्वांना मिळते. धावती दुसरीच असली तरी आपण बसल्या जागी सावध राहायचे. खो मिळाला की क्षणात उठायचे. आणि आपले धावणे झाले की जागा दुसरीला द्यायची. सासरी, नोकरीत, चार माणसांत वावरताना याहून निराळे काय लागते?

त्या चौघींपैकी दोघींच्या आया आज या सभेत बसल्या आहेत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तीच काळजी वाटली असती. मी एवढेच सांगते की उद्या शुक्रवार आहे, सराव साडेपाचला आहे, आणि मी कठड्यावर असेन. मुलींना पाठवा. जमले तर तुम्हीही या.